बारा ते बावीस जानेवारी

तीन वर्षं झाली, आमच्या जेवणाच्या टेबलावर ट्युनिशिया पसरलेला आहे. आधी तो नुसता नकाशा होता. मग त्याच्यावर काच आली, आणि आता ताटं त्या काचेवर ठेवून आम्ही जेवतो. वाळवंटावर माझं ताट, समुद्रावर मास्तरांचं. मास्तर म्हणजे माझे यजमान. एकतीस वर्षं त्यांनी शाळेत भूगोल शिकवला, पोरांना जगभर हिंडवून आणलं, आणि स्वतः मात्र एकदाही समुद्र ओलांडला नाही.

इतके देश सोडून ट्युनिशियाच का, असं लोक विचारतात. त्या देशाच्या दक्षिणेला मिठाचं एक अवाढव्य तळं आहे, शॉट अल जरीद नावाचं. उन्हाळ्यात तिथे टिपूस नसतो, नजर जाईल तिथवर नुसतं मीठ. हिवाळ्यात पाऊस झाला की त्या मिठावर जेमतेम वीतभर पाणी साचतं आणि त्यात सगळं आभाळ उतरतं. मास्तर हे दर वर्षी सातवीच्या वर्गात सांगायचे, आणि दर वर्षी मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचं, सर, तुम्ही पाहिलंय का? मास्तर म्हणायचे, बघणार आहे. एकतीस वर्षं ते बघणार आहेत.

मी मोठ्या इस्पितळाच्या लाँड्रीत सुपरवायझर आहे. इस्पितळ वर सात मजली आणि आम्ही तळघरात. सातही मजल्यांच्या चादरी, अभ्रे, ऑपरेशनचे हिरवे कपडे, सगळं एका घसरगुंडीतून आमच्या डोक्यावर येतं, आणि ते धुऊन, पिळून, इस्त्रीच्या रोलरखालून काढून, घड्या घालून आम्ही परत वर पाठवतो. वर लोक बरे होवोत न होवोत, चादर रोज खाली येतेच. बावीस वर्षं मी हे करतेय. थकले आहे, पण ते कोणाला सांगत नाही, कारण थकलेय म्हटलं की लोक लगेच उपाय सांगतात. लवकर झोपा, चाला, हिरव्या भाज्या खा. मला उपाय नको आहे, मला कोणीतरी नुसतं 'खरंय' म्हणायला हवंय.

पहिल्या वर्षी जायचं ठरलं आणि आठ दिवस आधी बॉयलर बसला. मी राहिले. दुसऱ्या वर्षी तापाची साथ आली, चादरी दुप्पट झाल्या, मी राहिले. दोन्ही वेळा मास्तर 'बरं' म्हणाले आणि नकाशावरची काच पुसायला लागले. माणसानं आरडाओरडा करावा, दोन दिवस अबोला धरावा, म्हणजे आपल्याला उलट चिडता तरी येतं. मास्तरांनी तेवढीही सोय ठेवली नाही.

या वर्षी उन्हाळ्यात डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना तपासलं. काचबिंदू आहे, हे आम्हाला ठाऊक होतं. तो किती पुढे गेलाय, ते ठाऊक नव्हतं. दोन्ही बाजूंनी पडदे ओढत आणावेत तशी त्यांची नजर कडेनं मिटत चालली होती, आणि मधे जेवढी फट उरली होती तेवढ्यातून ते आमच्याकडे बघून हसत होते. डॉक्टरीणबाई स्पष्ट बोलणाऱ्या. म्हणाल्या, "कुठे जायचं मनात असेल तर याच हिवाळ्यात जाऊन या. पुढच्या हिवाळ्याचं मी काही बोलणार नाही."

परत येताना बसमध्ये मास्तर खिडकीशी बसले. मग म्हणाले, "पाणी जानेवारीत चांगलं असतं." त्यांच्या आजारपणावर ते एवढंच एक वाक्य बोलले.

म्हणून बारा ते बावीस जानेवारी. तिकिटं काढली, रजेचा अर्ज दिला, साहेबांनी मंजूर केला. रोज संध्याकाळी मी घरी आले की मास्तर टेबलाशी तयार असायचे. चष्मा, भिंग, वही. मी इंटरनेटवरचं वाचून दाखवायचे आणि ते ठरवायचे. राजधानीत दोन दिवस पुरेत. तिथून दक्षिणेला रेल्वेनं जायचं की गाडी करायची. वाळवंटाच्या कडेला रात्री कडाक्याची थंडी असते, तेव्हा लोकरी मोजे दोन जोड. बोट नकाशावर ठेवून ते म्हणायचे, "हे तोझर. इथे मुक्काम. इथून तळं अगदी जवळ."

त्यांचं बोट समुद्रात असायचं. चांगलं चार बोटं आत, निळ्या रंगात. भिंगातून दिसणाऱ्या तेवढ्याशा गोलात गाव शोधायचं म्हणजे नकाशाभर वणवण, म्हणून ते आठवणीनंच बोट ठेवायचे. आणि मी म्हणायचे, "हो."

आता माझ्या गाढवपणाकडे येते.

लाँड्रीचा महिन्याचा ड्युटीचा तक्ता मी करते. भला मोठा कागद, उभ्या ओळीत माणसं, आडव्या ओळीत तारखा. प्रत्येक चौकटीत सकाळ किंवा दुपार. रजा, आजारपणं, कोणाच्या मुलीचं बाळंतपण, कोणाचं ऑपरेशन, हे सगळं मांडता मांडता नाकी नऊ येतात, आणि शेवटी चार-पाच चौकटी कशाही केल्या तरी रिकाम्या राहतात. त्या कशा भरायच्या, याची माझी एक पद्धत आहे. तिथे मी 'बाई' लिहिते. बाई म्हणजे मी. बावीस वर्षांत तक्त्यात एकही चौकट मी रिकामी सोडली नाही, आणि खोटं कशाला सांगू, मला त्याचा गर्व होता. सुपरवायझरची स्वतःची ओळ तक्त्यात नसतेच. माझी रजा साहेबांच्या रजिस्टरात, वरच्या मजल्यावर.

डिसेंबरच्या मध्यावर मी जानेवारीचा तक्ता केला, साहेबांनी न बघता सही ठोकली, आणि मी तो भिंतीवर लावला. दुसऱ्या दिवशी रोलरवाली त्याच्यासमोर उभी होती. ही आमच्याकडची सगळ्यात जुनी बाई. रोलरच्या वाफेत पंधरा वर्षं काढलेली, आणि जिभेला तिने कधी इस्त्री केली नाही.

"बाई, तुम्ही जाताय ना फिरायला?"

"जातेय की. बारा तारखेला."

"मग तेरा तारखेला दुपारी तुम्ही कशा? विमानातून चादरी काढणार का?"

मी तक्त्याजवळ गेले. तेरा, चौदा, सतरा, अठरा, एकवीस. पाच ठिकाणी माझ्याच अक्षरात, शाईनं, ठळक, 'बाई'. तक्ता करताना मी झोपेत नव्हते. तारखा मला पाठ होत्या. समोरच्या कॅलेंडरवर त्या अकरा दिवसांना मीच लाल गोल केले होते. तरी हात गेला होता, एकदा नव्हे, पाचदा.

मी साहेबांकडे गेले. साहेब तसे वाईट नाहीत, फक्त कागदाबाहेर त्यांना काही दिसत नाही. त्यांनी रजिस्टर उघडलं, तक्त्याची प्रत काढली, दोन्ही शेजारी ठेवली.

"रजाही मंजूर आहे आणि तक्ताही मंजूर आहे," ते म्हणाले. "दोन्हींवर माझीच सही. मग बाई, खरं काय धरायचं?"

"रजा धरा."

"मग या पाच चौकटींत दुसरी नावं आणून द्या, मी नव्याने सही करतो. रिकामी चौकट चालत नाही, हे मी तुम्हाला सांगायला नको."

नको होतंच. नवीन आलेल्या प्रत्येकीला हे मीच ऐकवलेलं आहे.

दोन दिवस मी लोकांच्या मागे फिरले. जिच्या मुलीचं बाळंतपण तिला विचारायचा प्रश्नच नव्हता. पिळण्याच्या यंत्रावरचा म्हणाला, माझ्या आठवड्याच्या सुट्ट्या मोजून चार, त्यातली एकही देणार नाही. घड्या घालणाऱ्या दोघी बहिणी एकमेकींकडे बोट दाखवत राहिल्या. रोलरवाली म्हणाली, "मी करीन एक दुपार. बाकीच्या चारांचं काय?" कोणी उद्धट बोललं नाही. सगळे खरं तेच सांगत होते. इतकी वर्षं रिकामी जागा दिसली की बाई भरतात, ही सवय मीच त्यांना लावली, आणि आता बाईंनाच जागा हवी म्हटल्यावर कोणाला ते खरंच वाटेना.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी घरी गेले तेव्हा मास्तरांनी बॅग काढली होती. लोकरी मोजे हातानं चाचपून जोड्या लावत बसले होते. मी हातपायही धुतले नाहीत, तशीच समोर बसले आणि सगळं सांगितलं.

त्यांनी मोजे खाली ठेवले. "कुठल्या कुठल्या तारखा?"

मी सांगितल्या.

"तेवीसनंतर रजा मिळेल?"

"मार्चअखेरपर्यंत नाही. दोघीजणी रजेवर आहेत."

"मार्चअखेर पाणी आटायला लागलेलं असतं," असं ते म्हणाले. मग अगदी नेहमीच्या आवाजात, वर्गात पुढचा धडा सांगावा तसं म्हणाले, "मग पुढच्या हिवाळ्यात जाऊ. त्याला काय झालं? तू बघ आणि मला सांगत जा. माझं सगळं पाठ आहे. तू बोललीस की मला दिसेल."

मला रडू यायला हवं होतं. आला तो राग.

"तुम्ही भांडत का नाही?" मी म्हणाले. "दर वेळी बरं, दर वेळी पुढच्या वर्षी. एकदा तरी टेबलावर हात आपटा. बायको तुमची आयुष्याची गोष्ट पाच दुपारींसाठी घालवतेय आणि तुम्ही तिची समजूत काढताय."

"तू काय मुद्दाम केलंस का? कामाच्या नादात झालं. होतं असं."

"मुद्दाम नाही," असं मी म्हणणार होते. शब्द तोंडाशी आला आणि तिथेच अडला. कारण दोन दिवस मी लोकांच्या मागे फिरत होते, पण एक गोष्ट मी स्वतःपासूनही लपवून ठेवली होती. तेरा तारखेच्या चौकटीत 'बाई' लिहिताना माझ्या छातीवरचं काहीतरी हलकं झालं होतं. तक्ता पुरा झाला, एवढ्यापुरतं ते नव्हतं. मी सुटले, असं वाटलं होतं.

"मुद्दामच केलं असेल मी," मी म्हणाले.

मास्तरांनी तोंड माझ्याकडे वळवलं. हल्ली ते मान सगळी वळवतात, नुसते डोळे वळवून भागत नाही.

"मला तिथे जायची भीती वाटते," मी म्हणाले. "इथे तुम्हाला सगळं ठाऊक आहे. खुर्ची कुठे, दार कुठे, नळ कुठे. इथे तुम्ही न धडकता फिरता, मग मला विसरता येतं. तिथे तुम्ही धडकाल. लोकांसमोर चाचपडाल. तुम्हाला किती दिसत नाही ते तिथे मला रोज बघावं लागेल, सकाळपासून रात्रीपर्यंत, अकरा दिवस. चादरी धुणं त्याहून सोपं आहे."

बाहेर कोणीतरी सायकल टेकवून ठेवल्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "नकाशावर माझं बोट बरोबर पडतं का?"

"नाही."

"कुठे पडतं?"

"समुद्रात."

"कधीपासून?"

"दोन महिने झाले असतील."

"आणि तू रोज हो म्हणतेस."

"हो."

त्यांना हसू आलं, मलाही आलं, पण ते फार टिकलं नाही. त्यांनी तळहात काचेवर ठेवला आणि सगळ्या देशावरून सावकाश फिरवला.

"मला पण इथे कळत नाही, किती राहिलंय ते," ते म्हणाले. "घरात काय, सगळं आठवणीवर चालतं. मला एकदा न पाठ केलेलं काहीतरी बघायचं आहे. ते तळं मला पाठ आहे असं मी म्हणतो, पण ते पुस्तकातलं. खरं कसं आहे कोणास ठाऊक. वास कसा, वारा कसा. कदाचित अगदी भिकार असेल. पण ते भिकार आहे हे तरी मी बघीन. आणि पुढच्या वर्षी तू मला सांगितलंस, तर तू चांगलंच सांगशील. तू खरं सांगत नाहीस. तू हो म्हणतेस."

लग्नाला तेहतीस वर्षं झाली. इतकं लागेल असं ते मला कधी बोलले नव्हते. आणि मला बरं वाटलं, हे विचित्र आहे, पण खरं आहे. कोणीतरी टेबलावर हात आपटला होता, आपल्या पद्धतीनं.

दुसऱ्या दिवशी मी कामावर लवकर गेले. रोलर अजून तापायचा होता. भिंतीवरचा तक्ता काढला आणि पांढऱ्या शाईनं पाचही ठिकाणची 'बाई' खोडली. एका चौकटीत रोलरवालीचं नाव घातलं, ती हो म्हणाली होती तेवढ्यापुरतं. बाकीच्या चार तशाच ठेवल्या. हात सारखा पेनाकडे जात होता. मी पेन खिशात घातलं आणि तक्ता घेऊन वर गेले.

साहेबांनी तक्ता आडवा करून बघितला, उभा करून बघितला.

"या चार रिकाम्या आहेत, बाई."

"हो."

"इथे कोण येणार?"

"माहीत नाही."

हे दोन शब्द त्या खोलीत मी याआधी कधी उच्चारले नव्हते. साहेबांनाही ते ओळखीचे वाटले नाहीत. त्यांनी चष्मा काढला.

"असं कसं चालेल? कोणाचं तरी नाव घालावं लागेल ना?"

"घाला की."

"कोणाचं घालू?"

"माझं सोडून कोणाचंही," मी म्हणाले. "तुमचंही चालेल. घड्या घालायला मी शिकवीन, अवघड नाही."

साहेबांनी रजिस्टर पुढे ओढलं. मला वाटलं, आता रजाच रद्द करतील, आणि त्यांनी ती केली तर काय, याचा विचार मी केलेला नव्हता. पण त्यांनी फोन उचलला आणि दुसऱ्या इमारतीतून चार दुपारी कोणी मिळेल का, ते विचारायला लागले. पलीकडचा माणूस नाही म्हणत असावा, कारण साहेबांचा आवाज चढला. मी तिथे उभी राहिले नाही. ते भांडण बावीस वर्षांपूर्वीच त्यांनी करायला हवं होतं, आणि मी त्यांना करू दिलं नव्हतं.

खाली आले तर रोलरवाली चादर दोन टोकांना ताणून धरून उभी होती.

"मिळाली का माणसं?"

"नाही अजून."

"नाही मिळाली तर त्या चार दुपारी आमच्याच बोडक्यावर येणार."

"येतील कदाचित."

तिनं चादर रोलरमध्ये सरकवली. वाफेचा लोट आला, त्यात तिचं तोंड दिसेनासं झालं. "हे आधी सांगायचं होतं, बाई," ती आतून म्हणाली. "महिनाभर आधी सांगितलं असतं तर आम्ही आपसांत वाटून घेतलं असतं. तुम्ही विचारतच नाही कधी." तिचं खरं होतं. मी तसं म्हटलं आणि दुसऱ्या बाजूनं चादर धरली.

त्या दिवशी मी वेळेवर निघाले. घरी पोचले तेव्हा ऊन अजून होतं. मास्तर दारातच बसले होते. पायांत बूट, हातात काठी. डॉक्टरीणबाईंनी दिलेली ही पांढरी काठी सहा महिने कपाटामागे उभी होती आणि आम्ही दोघंही ती नाहीच असं वागत होतो.

"जायचं?" त्यांनी विचारलं.

"जायचं. बाराला."

त्यांनी काठी टेकवली. उठले आणि म्हणाले, "मग आता मला अशा रस्त्यानं ने, जो मला पाठ नाही."

आम्ही नेहमीच्या कोपऱ्यावरून उजवीकडे न वळता डावीकडे वळलो. त्या बाजूला जुनी घरं, अरुंद गल्ल्या, उंचसखल पायऱ्या. पहिल्या वीस पावलांतच मला कळलं, की मला वाटत होतं त्याहून कितीतरी कमी त्यांना दिसतं. कडेला ठेवलेली बादली दिसली नाही. समोरून आलेली बाई अंगावर येईपर्यंत दिसली नाही. मोकळ्या रस्त्यावर ते म्हाताऱ्या माणसासारखे पाय घासत चालत होते, आणि घरात मी त्यांना कधीच तसं चालताना बघितलं नव्हतं. मला परत फिरावंसं वाटलं. मी त्यांचा दंड धरला.

"तिथे पायऱ्या खूप आहेत," ते म्हणाले. "पायरी आली की आधी सांगायचं. चढती की उतरती, तेही. आणि गोड करून सांगायचं नाही."

"पायरी," मी म्हणाले. "उतरती."

ते उतरले.

"आणखी एक. उतरती."

तिसरी माझ्या लक्षातच आली नाही. मी त्यांच्या तोंडाकडे बघत होते. त्यांचा पाय हवेत गेला, सगळं वजन माझ्यावर आलं, काठी खडखडत खाली घरंगळली. मी त्यांना सावरलं. समोरच्या दारातून एक माणूस बाहेर येऊन बघायला लागला. मला त्याची लाज वाटेल असं वाटलं होतं, पण वाटली नाही.

"लागलं का?" मी विचारलं.

त्यांनी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. गुडघा चोळला.

"हो," ते म्हणाले. "बरंच लागलंय."

मी काठी उचलून त्यांच्या हातात दिली, दंड आणखी घट्ट धरला आणि या वेळी खाली बघितलं. पुढे अजून अकरा पायऱ्या होत्या, सगळ्या उतरत्या, आणि मी त्यांना तसंच सांगितलं.